पदरचं वाक्य

टीव्हीच्या मागे हात घालून तिने धुळीसकट वायरींचा गुंता बाहेर ओढला आणि जावयापुढे धरला.

“घ्या. यातली कुठली हवी ती काढा आणि बाकीच्यांना एकदाची मुक्ती द्या.”

“आई, यातली एकही नकोय,” जावई म्हणाला. तो गुडघे टेकून नव्या प्लेअरशी झटापट करत होता. “या सगळ्या जुन्या व्हीसीआरच्या आहेत.”

“मग मागितल्यात कशाला?”

“मी कुठे मागितल्या? तुम्हीच काढून दिल्यात.”

लेक हसली. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला तिचा बाप हसला नाही. एरवी सासू-जावयाची अशी जुंपली की तो हमखास मध्ये पडायचा आणि दोघांचं ऐकून घ्यायचा. आज त्याने फक्त मान वळवली, वायरींकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसला.

सगळी गल्ली त्याला दुभाषी म्हणायची. कारखान्यात रशियाहून यंत्रं आली, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकांचं भाषांतर करायला त्याला नोकरीवर घेतलं होतं. यंत्रं गंजली, भंगारात गेली, हा तिथूनच निवृत्त झाला, तरी नाव काही सुटलं नाही. आणि हिवाळ्यात मेंदूला झटका आला तो नेमका या माणसाच्या जिभेवर. पाय सावरला, उजव्या हातात पेला धरता येऊ लागला. त्याला ऐकू येत होतं, कळत तर सगळंच होतं. शब्द मात्र ओठांपर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा.

त्याला बोलायला शिकवायला एक बाई घरी येत. त्या चित्रं दाखवायच्या. कप, किल्ली, खुर्ची. सुरुवातीला तो घामाघूम होईपर्यंत झगडला. मग एके दिवशी त्याने कपाचं चित्र पालथं घातलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. पुढच्या वेळीही तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. दोन दोन भाषा कोळून प्यायलेल्या माणसाला ‘कप म्हणा’ म्हणायचं! त्याचा राग तिला कळत होता. पण राग कळून काय उपयोग?

बाईंनी जाताना दारातच तिला सांगितलं होतं.

“काकू, शब्द मी देऊ शकते. पण बोलावंसं वाटणं मी कुठून आणू? त्यांना काहीतरी म्हणायचं असलं पाहिजे, अगदी आतून. तसं काही सापडलं तर मी आहेच. नाहीतर नुसतं येऊन त्यांना छळण्यात अर्थ नाही. आणि जितका उशीर होईल तितकं अवघड होत जाईल, हेही सांगून ठेवते.”

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. दिवसभर ती त्याच्याशी दोघांच्या वाटचं बोलायची. स्वतःच प्रश्न विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची, आणि संध्याकाळी गळा दुखला की स्वयंपाकघरात जाऊन मुकाट्याने डोळे पुसायची.

सिनेमांची कल्पना तिचीच. कारखान्यातल्या इंजिनियरांनी मायदेशी परतताना त्याला काही कॅसेटी भेट दिल्या होत्या. सगळ्या एकाच रशियन दिग्दर्शकाच्या. हा दिग्दर्शक जगभर नावाजलेला आणि त्यांच्या गल्लीत सगळ्यांच्या डोक्यावरून गेलेला. त्याच्या सिनेमातली माणसं बोलायची कमी आणि बघत बसायची फार. तरी रविवारी दुपारी याच खोलीत पडदे ओढून निम्मी गल्ली गोळा व्हायची, कारण टीव्हीशेजारी स्टुलावर बसून दुभाषी सगळा सिनेमा बोलून दाखवायचा. नवरीही तोच, म्हातारा सासराही तोच, आणि रंगात आला की भुंकणारं कुत्रंही तोच. पुढे त्याने कुठून तरी दुसरा व्हीसीआर आणला, माइक जोडला आणि स्वतःचा आवाज कॅसेटींवर भरला. त्यांच्या प्रतींवर प्रती निघाल्या. कुठल्या कुठल्या गावांत अनोळखी माणसं त्याच्या आवाजात रडली, हसली.

मागच्या आठवड्यात तिने त्यातलीच एक कॅसेट लावून पाहिली होती. स्वतःचा तो धडधाकट, न अडखळणारा आवाज ऐकला मात्र, तो भिंतीला धरून उठला आणि तळहाताने टीव्हीचा पडदा झाकून उभा राहिला. लेकीने धावत जाऊन बटण बंद केलं तेव्हा कुठे त्याने हात काढला. त्या रात्री तो जेवलाही नाही. तिने कानाला खडा लावला.

आणि आज जावई हा खोका घेऊन हजर. त्याच दिग्दर्शकाचे सगळे सिनेमे नव्या डिस्कवर, मूळ प्रतींवरून धुऊनपुसून काढलेले, आवाज मूळचा आणि खाली भाषांतराची अक्षरं.

“यात बाबांचा आवाज नाही ना, म्हणून त्रास होणार नाही,” जावई म्हणाला.

“आणि उलटं झालं तर?” लेक हळूच म्हणाली. “आपलं काम आता अक्षरं करतायत असं वाटून आणखी खचले तर?”

भीती आईलाही तीच होती. पण हात टेकून बसायची तिची जात नव्हती.

“लावा,” ती म्हणाली. “रडले तर रडले. भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं.”

तिने पडदे ओढले आणि त्याची खुर्ची टीव्हीकडे वळवली. त्याने विरोध केला नाही. डोळे मात्र मिटून घेतले.

चित्र उमटलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “अगंबाई! हे घर हिरवं आहे?”

“का? कसं होतं?” जावयाने विचारलं.

“राखाडी! इतकी वर्षं राखाडीच बघत आलोय आम्ही. आणि ही बाई, ही तर केवढी तरुण आहे! मी हिला चांगली पन्नाशीची समजत होते.”

“कॅसेटीची प्रत, तिची प्रत, तिची प्रत,” लेक म्हणाली. “त्यात म्हातारी झाली बिचारी.”

तिने चोरून नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे उघडले होते.

खाली अक्षरं येत होती, जात होती. तो ती वाचत होता. एका ठिकाणी त्याने कपाळाला आठ्या घातल्या, एका ठिकाणी नाक मुरडलं. पूर्वी कारखान्यात नव्या भाषांतरकाराचं काम तपासताना तो अस्संच नाक मुरडायचा. तिने लेकीच्या मांडीला चिमटा काढला. लेकीने मान हलवली. तिनेही पाहिलं होतं.

मग तो प्रसंग आला. सिनेमातल्या बाईचा नवरा कामाच्या शोधात दूर निघतो. नदीच्या काठाला नाव लागलेली असते. तो बसतो, नाव सुटते आणि बाई काठावर पाठमोरी उभी राहते. नाव लहान होत जाते, पाणी वाहत राहतं, बाकी काही होत नाही. या प्रसंगाला सगळी गल्ली रडायची. ती स्वतः दर खेपेला रडायची, कारण त्या बाईचं ते वाक्य. लेक शिकायला परगावी निघाली तेव्हा तिने तेच तिला म्हटलं होतं. दरवर्षी नवरा कामासाठी दौऱ्यावर जायचा तेव्हा तेच म्हणायची. पदराचं टोक मुठीत धरून ती वाट बघू लागली.

नाव अर्ध्या नदीत गेली. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

“वाक्य कुठाय?” ती म्हणाली.

“कुठलं?”

“अहो, ती म्हणते ना! ‘जा, पण भूक लागली की घराची आठवण काढ.’ अक्षरं का नाही आली? तुमची डिस्क बिघडलेली आहे, जावईबापू. खोका परत करा.”

जावयाने तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. बाई उभी राहिली, नाव गेली, पाणी वाहिलं.

“आई, इथे संवादच नाहीये. ती काही बोलतच नाही.”

“असं कसं? त्याच्या आधी नावाडीसुद्धा म्हणतो ना, ‘काळजी नको वहिनी, नदी माझ्या ओळखीची आहे’?”

“नावाड्यालाही संवाद नाहीये.”

मग ती सावकाश नवऱ्याकडे वळली.

“अहो,” ती म्हणाली, “म्हणजे हे तुम्ही पदरचं घातलंत?”

त्याचे कान लाल झाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याचे कान लाल झालेले तिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले होते. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखा तो छताकडे बघू लागला.

आता तिला हळूहळू उलगडा होत गेला. नाव निघाली की शेजारचे काका जांभई द्यायचे, कुणीतरी ‘बंद पडलं का हो?’ म्हणायचं, कुणी पाणी प्यायला उठायचं. खोली हातची जातेय असं दिसलं की स्टुलावरून हे वाक्य यायचं आणि उठलेली माणसं खाली बसायची. तिला राग यावा की हसू, तेच कळेना. जे वाक्य तिने आयुष्यभर एका परक्या देशातल्या परक्या बाईचं म्हणून जिवाशी धरलं, ते शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं निघालं होतं. आणि ते ज्याचं, त्यालाच ती दरवर्षी दारात उभी राहून ऐकवत होती! आणि हा माणूस गालातल्या गालात हसत ऐकून घ्यायचा.

“लबाड,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. “पक्के लबाड आहात. अगं, बघतेस ना तुझ्या बापाचे धंदे? त्या एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाच्या सिनेमात स्वतःची वाक्यं घुसडली!”

लेक हसता हसता डोळे पुसत होती. जावयाने आपण होऊनच तो प्रसंग पुन्हा मागे नेला.

“आता बघाच,” ती म्हणाली. “तुम्हाला नाही जमत ना? मी बोलते. मला सगळं पाठ आहे.”

नाव सुटली. तिने नावाड्याचं वाक्य जाड आवाजात म्हटलं. बाईचं वाक्य म्हटलं. मग नावेतल्या नवऱ्याचं, ‘बर्फ वितळायच्या आत येतो.’ मग पुन्हा बाईचं. तिला चेव चढला होता. भीती, हसू, राग, सगळंच एकदम तोंडावाटे बाहेर पडत होतं. शेजारच्या खुर्चीत तो पुढे झुकला होता, डावा हात वर करून काहीतरी खुणावत होता. तिचं लक्षच नव्हतं.

“गप्प!”

तिला वाटलं, जावईच ओरडला. तिने त्याच्याकडे पाहिलं. जावई रिमोट हातात धरून सासऱ्याकडे बघत होता. लेकीने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

तो मात्र कुणाकडेच बघत नव्हता. तो पडद्यावरच्या त्या पाठमोऱ्या बाईकडे बघत होता, हात तसाच वर धरून. तिच्या लक्षात आलं, इतकी वर्षं दर रविवारी हा माणूस त्या नदीवर बोलत आला होता. नदीचा आवाज त्याला कधी धड ऐकायलाच मिळाला नव्हता.

नाव लहान होत गेली. पाणी काठाला लागून हळू आवाज करत होतं. श्वास रोखून ती ऐकत राहिली, त्याच्यासाठी. मात्र तिला तेवढ्यात शिकवणाऱ्या बाईंचं दारातलं बोलणं आठवलं, ‘त्यांना काहीतरी म्हणायचं असलं पाहिजे’, आणि तिला समजलं की आपल्याला ही शांतता परवडणारी नाही. तिने लेकीकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि मुद्दाम, चांगल्या खणखणीत आवाजात पुन्हा सुरू केलं.

“आणि मग तो नावाडी म्हणतो—”

“गप्प... ब... बस!”

आता तो तिच्याकडे वळला होता. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पहिल्यासारखा राग. तिला तो इतका देखणा कधी वाटला नव्हता. डोळ्यांतलं पाणी न पुसताच तिने कमरेवर हात ठेवले.

“नाही बसत जा! काय कराल?”

त्याने तोंड उघडलं. मिटलं. जबडा थरथरला, कपाळावर घाम आला, ओठ एका शब्दाभोवती जुळले, सुटले, पुन्हा जुळले. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. जावयाने न बघताच सिनेमा थांबवला.

आणि ती, जिने सकाळपासून क्षणभर जीभ टाळूला लावली नव्हती, खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसली आणि उत्तराची वाट बघू लागली.