सूडाची सीरियल आणि मी

मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हणा, जाड म्हणा, पण खोकं म्हणू नका. ते माझे पूर्वज. मित्रांनो, मला भिंतीवर टांगता येतं, मी फोनशी संधान बांधतो, कोरियन माणसांचं बोलणं इंग्रजीत खाली लिहूनही दाखवतो. फक्त स्वतःहून एक शब्द बोलता येत नाही. माझं सगळं दुःख त्यातच आहे.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते इथलं, परदेशातल्या पेंडल हिल या उपनगरातलं पहिलं घर. तिथली मंडळी कायमची पुण्याला परत निघाली, तेव्हा त्यांनी मला सिद्धार्थच्या हवाली केलं. सिद्धार्थ पॅरामॅटाला एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. बायको शुभदा आणि मुलगी अनुष्का यांना घेऊन तो नुकताच गिरावीनला राहायला आला होता. घरात सोफा यायच्या आधी मी आलो. सतरंजी टाकून तिघं माझ्यासमोर जेवायची. शुभदा मऊ फडक्याने माझी काच पुसायची आणि म्हणायची, "हा आला आणि घर घरासारखं वाटायला लागलं." मी फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू?

पुढे प्रत्येकाच्या हातात आपापला फोन आला आणि मला कोणी विचारेनासं झालं. क्रिकेटची मॅच असली की सिद्धार्थला माझी आठवण व्हायची, एरवी मी आपला धूळ खात. मग गेल्या वर्षी अनुष्काला ती कोरियन सीरियल सापडली आणि माझे दिवस पालटले.

सीरियल सूडाची होती. मुळात ती फोनवर वाचायची चित्रकथा, आणि अनुष्काने ती आधीच वाचून संपवली होती. शाळेत काही मुली मिळून एका मुलीला छळ छळ छळतात. मोठी झाल्यावर ती लग्नाचे पोशाख शिवण्याचं दुकान काढते, आणि त्याच मुली नवऱ्या होऊन एकेक करत तिच्याकडे माप द्यायला येतात. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पण अनुष्काला सूडात फारसा रस नव्हता. ती मागे मागे नेऊन एकच प्रसंग बघायची. त्यात ती मुलगी भिजलेलं दप्तर घेऊन घरी येते. आई गॅस बंद करते, तिच्याजवळ येऊन बसते, "कोणी केलं?" एवढंच विचारते आणि गप्प राहते. मुलगी बोलेपर्यंत गप्पच राहते.

"कॉमिकमध्ये हा सीनच नाहीये," अनुष्का एकदा म्हणाली. "तिथे आई काही विचारतच नाही." घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे ती मलाच म्हणाली.

तिला तो प्रसंग का हवा होता, ते मला ठाऊक होतं. फोनवरची चित्रकथा ती आता पुन्हा माझ्यावर मोठी करून वाचायची, आणि तेव्हा फोनवर आलेले मेसेजही माझ्याच काचेवर उतरायचे. इंग्रजीत असायचे, पण इतकं इंग्रजी मला येतं. "कॅम्पला येऊ नकोस, तुझ्या टेंटमध्ये कोणी झोपणार नाही." "काल रडताना काय दिसत होतीस. फोटो सगळ्यांना पाठवलाय." पाठवणारी शाल्मली, अनुष्काच्याच वर्गातली. शुभदाच्या जिवाभावाच्या मैत्रिणीची, विनीताची मुलगी. मित्रांनो, अशी घाण माझ्या अंगावर उमटत होती आणि ती मला पुसता येत नव्हती, की कोणाला दाखवता येत नव्हती.

शुभदा वाईट आई मुळीच नव्हे. तिने विचारलं होतं. कणीक मळता मळता म्हणाली होती, "अनु, शाळेत कोणी त्रास देत नाही ना गं? आणि दिलाच तर आपली शाल्मली आहे. आपलं माणूस जवळ असलं की काळजी नाही."

"इट्स फाइन, आई," अनुष्का म्हणाली.

परक्या देशात येऊन राहिलेल्या माणसाला भीती वाटते ती परक्यांची. 'काकू, काकू' करत घरात येणाऱ्या मुलीचा संशय कोण घेणार? शुभदाने दोष दिला तो मला. "हे सूडबिड बघून बघूनच पोरगी अबोल झालीये," असं ती सिद्धार्थला म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला फार लागलं ते.

जानेवारीत, शाळेची सुट्टी संपत आली असताना, शुभदाने संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. इथे जानेवारीत भर उन्हाळा; बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत काळ्या साड्या नेसलेल्या बायका एसीखाली दाटीने बसल्या होत्या. अनुष्काच्या फोनवरून माझ्यावर गाणी लावली होती. शुभदाने लेकीच्या हातात तिळगुळाचं ताट दिलं आणि म्हणाली, "आधी तुझ्या मैत्रिणीला दे." अनुष्का शाल्मलीसमोर जाऊन उभी राहिली. तिळगूळ घ्या, गोड बोला, असं ती म्हणाली असावी. माझे कान तिखट आहेत, तरी मला काही ऐकू आलं नाही. शाल्मलीने हसून लाडू घेतला. तिच्या दुसऱ्या हातात फोन होता.

थोड्याच वेळात माझ्या काचेवर मेसेज उतरला. "तुझ्या आईला वाटतं आपण फ्रेंड्स आहोत. सो फनी. टर्म सुरू होऊ दे, मग बघ." वर ठसठशीत नाव, शाल्मली.

मला वाटलं, सुटली पोर. इतक्या जणी बसल्या आहेत, कोणीतरी वाचेलच. शुभदा पाठमोरी होऊन वाण लुटायचे डबे पिशवीतून काढत होती. तिने फक्त मान वळवायची होती. बाकीच्या एकमेकींच्या साड्यांचे काठ बघण्यात गुंतल्या होत्या. वाचलं ते एकट्या विनीताने. तिने मेसेज वाचला, लेकीकडे पाहिलं, मग अनुष्काकडे पाहिलं. आणि हाताशी पडलेला रिमोट उचलून तिने मला बंद केलं.

बंद केलं तरी मला ऐकू येतं, मित्रांनो.

"अगं, गाणी का थांबली?" शुभदाने विचारलं.

"आपोआप बंद पडला गं टीव्ही," विनीता म्हणाली. "जुना झालाय तुमचा. आता नवा घ्या."

"घ्यायलाच हवा. बरं विनीता, माझी सकाळची शिफ्ट लागणार आहे. शाल्मलीबरोबर अनुलाही सोडशील का शाळेत?"

विनीताने हातातला रिमोट खाली ठेवला. मग म्हणाली, "हो, सोडेन की."

"मी ट्रेनने जाईन," अनुष्का म्हणाली.

"ट्रेनने कशाला? मैत्रिणीची गाडी असताना?"

अनुष्का तिळगुळाचं ताट घेऊन आत वळली. विनीताकाकूच्या हातातला रिमोट तिने पाहिला होता. मोठ्या माणसाला कळलं तरी काय होतं, हे तिला त्या दुपारी समजलं. तिच्यासाठी जोरजोरात ओरडावं असं मला वाटत होतं आणि मी भिंतीवर काळा ठिक्कर पडून होतो.

पुढच्याच शनिवारी नवा टीव्ही आला. "हा बिघडलेला नाहीये, बाबा," अनुष्का म्हणाली. "उगाच शॉर्ट-बिर्ट व्हायचा," सिद्धार्थ म्हणाला आणि त्याने मला घरासमोरच्या गवतावर आणून ठेवलं. जुनं सामान उचलणारा कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, ट्रक इथूनच जातो.

आज शाळेचा पहिला दिवस. सकाळी विनीताची गाडी आली. मागच्या सीटवर शाल्मली बसली होती. अनुष्काने दार उघडायला फार वेळ लावला. शुभदा फाटकापर्यंत आली आणि खिडकीत वाकून म्हणाली, "शाल्मली, लक्ष ठेव गं हिच्याकडे."

"नो वरीज, काकू," शाल्मली म्हणाली. विनीता समोर रस्त्याकडेच बघत राहिली. गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी शुभदा हात हलवत होती.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगून आम्ही टीव्ही, पंखे आणि छत्र्या आपली कहाणी संपवतो. पण माझी काळजी तुम्ही करू नका. ट्रक यायचा तेव्हा येईल. त्याआधी तुमच्यापैकी कोणी या रस्त्याने गेलात, तर मित्रांनो, समोरच्या घराची बेल वाजवा आणि शुभदाला एवढंच सांगा, की हा टीव्ही आपोआप बंद पडत नाही. त्या दिवशी त्याला बंद केलं होतं. का, ते ती अनुष्काला विचारेल, एवढी आशा मला करू द्या.