भुरीचा विमा

"उजवीकडं जुपा. डावीकडं जुपलं की लाथ मारतंय. सांगितलं बरं का. आता हात लावा."

हाळी गावच्या बैलबाजारातला वडलांचा, गुरुपादप्पांचा, हा आवाज महादेवीनं सात वर्षांची असताना ऐकला होता. बैल विकायचा तर तिचे अप्पा आधी खोड सांगायचे, गुण मागून. गिऱ्हाईक पाठ फिरवून गेलं तरी अप्पांचा आवाज खाली यायचा नाही. आज लातूरच्या घरात, विमा एजंट मृत्युंजय मोबाइलवर फॉर्म उघडून बसला आणि पन्नास वर्षांपलीकडून ते शब्द आले.

सोमवारी महादेवी आपल्या कुत्रीला, भुरीला, घेऊन लेकीकडं, अक्षराकडं, बेंगळुरूला कायमची राहायला निघणार होती. भाड्याची गाडी, बारा तासांचा रस्ता. भुरी उन्हात झोपली की राखेचा ढीग, हाक मारली की ढिगातून उठलेलं वारं. आज मात्र तिचा एक कान पिवळा होता.

"मावशी, हे काय?"

"हळद लावून ठेवलीय सकाळपासून. बिल्ला मारताना दुखायला नको."

"कसला बिल्ला?"

"गाईच्या विम्याला मारत्यात की कानात! बिल्ला न्हाई तर भरपाई न्हाई."

मृत्युंजय पोट धरून हसला. "ही काय जर्सी गाय हाय का, मावशी? कुत्र्याची वळख नाकावरनं पटतीय, नाकाचा फोटो बास हाय."

"मग आधी सांगायचं न्हाई का रे? लेकराला उगाच नवरी करून बसवलं."

त्यानं दोन विमे दाखवले. स्वस्तातला फक्त अपघाताचा. दुसऱ्यात प्रवासात आजारी पडली तर दवाखाना होता, आणि वाटेत हरवली तर शोधायचा, जाहिरातीचा खर्चही.

"पहिला घ्या. गाडीत बसून जायचंय, हरवतीय कुठं?"

"दुसरा," महादेवी म्हणाली. आवाजात घोळ नव्हता.

भुरीला फिट यायची, दोन वर्षांपासून. फिट ओसरली की ती उठून सरळ चालायला लागायची, नाव घेतलं तरी वळायची नाही. घरात दार लावता येतं. चहाला थांबलेल्या गाडीचं दार उघडं असलं, तर समोर हायवे.

"जुना आजार काही?" मृत्युंजयनं विचारलं.

महादेवीनं फिटचं सांगितलं. त्यानं मोबाइल खाली ठेवला.

"लिहिलं तर फिटचा खर्च मिळणार न्हाई. बाकी सगळं मिळतंय."

"आणि लपवलं तर?"

"कळलं तर सगळंच बाद." मग हळूच म्हणाला, "पण मावशी, तुमचा मेल अक्षराताईच्या मोबाइलवर हाय. फॉर्म आधी तिलाच दिसंल."

तिथंच खरी अडचण होती. अक्षराच्या घरी दोन वर्षांचं बाळ. तिनं आधीच बजावलं होतं, "अव्वा, कुत्री धडधाकट असली तरच आण. न्हाईतर तिकडंच कुणाला तरी दे." महादेवी हो म्हणाली होती. फिट सुरू झाल्यापासून प्रत्येक फोनवर "भुरी मजेत" एवढंच सांगत आली होती.

"लिही," ती म्हणाली. "फिट, दोन वर्षं, गोळी चालू. गोळीचं नावबी टाक. पण पाठवायच्या आधी थांब जरा."

तिनं फोन लावला. भुरी येऊन पायावर हनुवटी टेकून पडली, पिवळा कान वर.

"काय करायलीस, अव्वा? पिशव्या भरल्या का?"

"बस आधी. बाळ झोपलंय? बरं. ऐक. भुरीला फिट येती, अक्षरा. दोन वर्षं झाली. तुला मुद्दाम सांगितलं न्हाई. सोडून ये म्हणशील म्हणून भ्याले. चावत न्हाई, दीड मिनिटात शांत हुती, मी शेजारी बसते. बाळाच्या खोलीत ती जाणार न्हाई, ते माझ्यावर. आता नको म्हणायचं तर मोकळेपणानं म्हण, मला राग न्हाई. पण तिला सोडून मी येणार न्हाई."