फ्रान्सचा सालदार

रूपरावांच्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या सेलूला ठाऊक होतं. त्यांचा मुलगा धीरज शेतकीची पदवी घेऊन फ्रान्सला निघाला, तेव्हा बी-बियाण्यांच्या आपल्या दुकानात बसल्या बसल्या त्यांनी गावभर करून टाकलं, की पोराला तिकडे मोठ्या बागेवर साहेबाची नोकरी लागली. खरी गोष्ट वेगळीच होती. एक म्हातारं जोडपं त्याला राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण देणार, त्यानं त्यांच्या बागेत हातभार लावायचा, फळझाडांची कलमं करायला शिकायचं. पगार छदामही नाही. चांगला शिकलेला पोरगा पोटावर राबायला सातासमुद्रापार चालला, हे चारचौघांत सांगायचं म्हणजे रूपरावांना नाक कापून घेण्यासारखं वाटे. बरं, पोराचं तर स्वप्नच ते! दोन वर्षं पत्रं लिहून त्यानं ती बाग मिळवली होती.

आता सगळं व्हिसावर अडलं होतं. सकाळी वर्ध्याला जाताना धीरजनं बापाला बजावलं होतं. "बाबा, आज मुंबईच्या वकिलातीतून फोन येईन. नोकरी, काम, असा शब्दच तोंडातून काढू नका. पगार नाई, पाहुना म्हनून राह्यते अन् बागकाम शिकते, एवढंच सांगजा. नाई तं व्हिसा गेला समजा."

आणि दैव असं, की फोन वाजला तेव्हा वडनेरचे किसनराव समोर बसून चहा पीत होते. ते अपेक्षाला, रूपरावांच्या मुलीला, आपल्या मुलासाठी मागायला आले होते. त्यांना तर रूपरावांनी साहेबाच्या बंगल्याचं वर्णनही ऐकवलं होतं.

"धीरजचे वडील का? मी वकिलातीतून बोलतेय. तिकडे त्याला पगार किती मिळणार आहे?"

रूपरावांनी समोर पाहिलं. किसनरावांनी बशी खाली ठेवली होती आणि कान टवकारले होते. एक लाख म्हणावं, तर पोराचं जाणं बुडतं. नाही म्हणावं, तर आपली अब्रू समोरच बसलेली.

"बोला ना," बाई म्हणाल्या.

"पगार नाई," रूपराव म्हणाले. आवाज बसला होता.

"जरा मोठ्यानं बोला."

"पगार नाई म्हनतो! एक रुपयाबी नाई! फक्त जेवन अन् राहाले खोली!"

किसनरावांच्या भुवया वर चढल्या. रूपरावांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"मग तो तिथे पाहुणा म्हणून राहणार?"

नुसतं हो म्हणायचं होतं. पण रूपरावांना तो शब्द झोंबला. आपला पोरगा काय परक्याच्या घरी वर्षभर आयतं गिळणार? लाज गेलीच होती, निदान पोराची इज्जत तरी राहू दे.

"पाहुना काऊन? फुकटचं खानारी आमची जात नाई, बाई. सालदार समजा त्याले."

"सालदार म्हणजे?"

"वर्षभर मालकाच्या घरी राह्यते, खाते अन् त्याच्या वावरात राबते, तो सालदार. लय मेहनती आहे आमचा पोरगा. दिवसभर काम करीन!"

"बरं. एवढंच विचारायचं होतं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रूपराव मटकन खुर्चीत बसले. मनावरचा धोंडा उतरला होता. किसनराव म्हणाले, "साहेब नाई तं नाई. खरं बोलले, हे बरं झालं. अपेक्षाले पाहाले रविवारी येतो आमी."

संध्याकाळी धीरज आला, तसं रूपरावांनी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. पगार नाही म्हटलं, खोटं एकही नाही, आणि तू सालदारासारखा राबशील हेही सांगितलं.

धीरज पोत्यांच्या थप्पीवर बसला.

"गेला, बाबा. व्हिसा गेला."

"काऊन? मी तं खरंच बोललो!"

"राबाले चालला म्हटल्यावर ते कायले सोडतीन?"

आता तो ओरडेल, भांडेल, म्हणून रूपराव वाट पाहत राहिले. पण धीरजनं वेगळंच विचारलं.

"किसनकाका होते ना तेव्हा इथं?"

"होते."

"त्यांच्यासमोर म्हटलं तुमी? पोरगा सालदार म्हनून?"

"हो."

"लाज वाटे तुमाले त्याची, अन् तुमीच म्हटलं, बाबा?"

रूपरावांनी मान डोलावली, आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना.