निरोगी नमुना

सुट्टीतला प्रकल्प म्हटला की पोरांना प्रमाणपत्र हवं असे आणि अमरावतीच्या मनोज सरांना शोधनिबंध. सौदा दोघांनाही परवडे. त्या उन्हाळ्यात मात्र काम खरंच होतं. मागच्या हंगामात वऱ्हाडात कपाशी फवारता फवारता माणसं दवाखान्यात भरती झाली होती. म्हणून सरांच्या प्रयोगशाळेत एक रंग तयार होत होता. रक्ताच्या थेंबात घालून काळ्या डब्यातल्या कॅमेऱ्याखाली ठेवला की चांगलं रक्त हिरवं उजळे. फवाऱ्याचं विष भिनलेलं असलं की मंद दिसे.

रंगावर हात बसला होता तो बी.एस्सी.च्या गजालाचा. सर तिला म्हणाले, "तुलनेले निरोगी नमुना पाहिजे. ज्यानं जन्मात पंप पाठीवर घेतला नाही, असं माणूस आण."

"आहे नं सर. माही अम्मी."

गजालाचे अब्बा नईमभाई वलगावला वांगी-भेंडी पिकवत. घरच्यांसाठी दोन सऱ्या वेगळ्या; त्यांच्यावर औषध उडू द्यायचं नाही, असा घरचा कायदा. बाजारानं काय खावं, ते बाजारानं पाहावं. अम्मी जहाँआरा त्याच सऱ्यांतलं खात. याहून निरोगी कोण?

गजालानं दोघांच्या बोटांतून थेंब आणले. नईमभाईंचा मंद उजळला. तसं वाटलंच होतं. अम्मीचा उजळलाच नाही.

"रंग बिघडला तुहा," सर म्हणाले.

गजालानं सरांचंच बोट टोचलं. त्यांचा थेंब हिरवागार चमकला. सर टोचलेलं बोट चोखत म्हणाले, "मंग नमुना चुकला. काढून टाक, दुसरं माणूस पाहा."

गजाला घरी फोन लावून बसली होती.

"अम्मी, औषध बादलीत कोण कालवते?"

"मीच. अब्बाचे हात तं पंपाले लागते नं."

"काडीनं?"

"काडीनं तळचं घोयल्या जात नाही, बेटा. हातानंच."

"आता काय करून राहिली?"

"तेच तं. अब्बा उभे हायेत पंप घेऊन."

"हात काढ! साबणानं धू. आत्ताच दवाखान्यात जायचं, मी निघाली."

"कावून ओरडते? आधीच डोयापुढं धुवरी येऊन राहिली उन्हानं. दवाखाना परवा पाहू. उद्या भेंडी फवाराची हाय."

"अम्मी, हात काढला का?"

"हो हो."

बादलीतलं पाणी ढवळल्याचा आवाज फोनवर येतच राहिला.