हिरवा ड्रेस

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते रविवारी, सासूबाईंनी मोबाईल सगळ्यांना फिरवून दाखवला तेव्हापासून. फोटोत धाकटी जाऊ, शेजारी तिचा नवरा, पुढ्यात कपड्यांच्या तीन गच्च पिशव्या. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी एक निवारा होता, त्याच्या कचेरीत तिनं त्या नेऊन दिल्या होत्या.

"मन मोठं लागतं हो!" सासूबाई म्हणाल्या, आणि वर थोरलीकडे बघितलं.

त्याच निवाऱ्यात थोरली सहा वर्षं दर गुरुवारी शिवणाचं मशीन चालवत होती. आलेले कपडे उसवायचे, सांधायचे, बायकांच्या मापाचे करायचे. घरी सांगितलं होतं, शिवणाचा क्लास घेते. कारण तिथल्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ही जागा कुणाला कळता कामा नये, घरच्यांनासुद्धा नाही. जिला जीव वाचवून यायचंय, तिलाच फक्त पत्ता सांगायचा. सहा वर्षं गिळलेलं ते सगळं त्या दिवशी अगदी ओठांवर आलं होतं. तीन पिशव्या काय दिल्या, झाली लगेच महाराणी!

तसं धाकटीचं सगळंच तिच्या डोळ्यांत खुपायचं. सगळ्यात जास्त खुपायचा तो तिचा नवरा. काय ते कौतुक! बाजारात बायकोबरोबर, डॉक्टरकडे बायकोबरोबर, ती माहेरी गेली तर तासातासाला फोन. आणि थोरलीचे हे? बायको हरवली तरी जेवायची वेळ होईपर्यंत यांच्या लक्षात आलं नसतं.

गुरुवारी पिशव्या कचेरीतून निवाऱ्यात पोचल्या. "माझ्याकडे द्या त्या," थोरली म्हणाली. हिनं नक्की फाटकंतुटकं कोंबलं असणार. एक जरी सापडलं ना, तर रविवारी सगळ्यांसमोर हिचं मोठं मन बाहेर काढते की नाही बघा!

पहिल्या दोन पिशव्या मेल्या चांगल्याच निघाल्या. तिसरीत तळाला हिरवा ड्रेस होता, बोळा केलेला. थोरलीनं स्वतः शिवलेला! मागच्या वर्षी खास धाकटीसाठी, पंधरा दिवस डोळे फोडून. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या हातच्या शिवणाची ही किंमत? त्यात पुढची तीन बटणं गायब. बरी सापडलीस, असं म्हणत तिनं ड्रेस खिडकीच्या उजेडात धरला.

आणि तिचा हात तसाच राहिला.

दोरा झिजून बटण पडलं तर कापड शाबूत राहतं. इथे बटणांच्या जागी भोकं होती. तिनं दुहेरी दोऱ्यानं, मागे पट्टी लावून बसवलेली बटणं ती. आपोआप पडायची नाहीत, कुणीतरी गच्च धरून हिसडावी लागतात. खांद्यापाशीही शिवण उसवली नव्हती, कापडच फाटलं होतं. असे कपडे तिनं सहा वर्षांत ढिगानं सांधले होते. तासातासाचे ते फोन. उन्हाळ्यातही धाकटीच्या अंगात लांब बाह्या. यावर जळत होतो आपण इतकी वर्षं? तिला स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी जेवणं झाल्यावर दोघी भांडी आवरत होत्या. दीर बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसला होता. थोरलीनं नळ मोठा सोडला.

"हिरवा ड्रेस मिळाला मला."

धाकटी पांढरीफटक पडली. "कुठे?"

"निवाऱ्यात. मी तिथे असते, दर गुरुवारी."

धाकटी हातातली ताटली नुसती पुसत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मला जाता येईना, ताई. कुठे आहे तेच माहीत नाही, आणि कचेरीत विचारावं तर हे शेजारीच उभे. म्हटलं, निदान कपडे तरी जाऊ देत."

चारचौघांत मिरवायला जे ओठांवर आलं होतं, ते थोरलीनं तिच्या कानात सांगितलं. पत्ता दोनदा सांगितला आणि तिच्याकडून म्हणवून घेतला.

"काय गं, काय चाललंय आत इतका वेळ?" बाहेरून दिराची हाक आली. धाकटी दचकली.

थोरलीनं तिचा हात घट्ट धरला.

"मापं घेतेय भावोजी!" ती ठणकावून म्हणाली. "नवा ड्रेस शिवायचाय हिला. गुरुवारी क्लासला घेऊन जाते. आणि तुम्ही नका येऊ, तिथे सगळ्या बायकाच असतात, तुम्हाला बसायला जागा नाही."