तलावात बुडवलेलं आरमार

हे कोणी खरं मानणार नाही, ते मी आधीच सांगून ठेवतो. मी स्वतः तिथे नसतो तर मीही मानलं नसतं. पण आपल्या चांद्याच्या जंगलात, जिथे समुद्र कुठे आहे असं विचारलं तर माणसं आभाळाकडे बोट दाखवतात, तिथे सरकारनं लढाईसाठी राखीव आरमार ठेवलं होतं. आमच्या गावच्या तलावात. चाळीस डोंगे, लाकूड कोरून केलेल्या होड्या.

ब्रह्मपुरीच्या बाजारातून परतताना वाटेत मोटर बिघडली, तेव्हा मी ही गोष्ट काढली. आंब्याखाली आम्ही तिघंच बसलो होतो. मी, उमाजी नावाचा एक धानवाला शेतकरी आणि कुंता, वैनगंगेकाठची ढिवराची बाई. ती टोपलीतली सुकी मासळी निवडत होती.

उमाजीनं पहिलाच प्रश्न रास्त विचारला. "आरमार इथी काऊन, लटारूभाऊ?"

मी म्हटलं, तू चांगलं बियाणं दारात मांडून ठेवतोस का? कोठीच्या तळाशी ठेवतोस. शत्रू शोधणार समुद्रावर. वाघाच्या रानात जहाज कोण शोधतो? लढाई लागली की डोंगे तलावातून नाल्यात, नाल्यातून वैनगंगेत, पुढे प्राणहिता, मग गोदावरी, की आलाच समुद्र. उमाजीनं मनातल्या मनात तो रस्ता धरून पाहिला आणि मान हलवली. रस्ता खराच होता.

कुंताला रस्त्याशी देणंघेणं नव्हतं. तिला डोंगे कसे राखले ते हवं होतं. मी सांगितलं, तुम्ही राखता तसेच. डोंगा उन्हात ठेवला तर तडकतो, म्हणून दगड भरून पाण्यात बुडवायचा. पाळीपाळीनं वर काढून शेवाळ खरवडायचं, टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल पाजायचं, भेगेत राळ भरायची, पुन्हा बुडवायचा. एकेका डोंग्याला दोन माणसं नेमलेली. ढोल वाजला की ताटावरून उठून तलावावर. कुंतानं हूं केलं. ढिवराच्या बाईचं हूं म्हणजे सरकारी शिक्काच.

तर एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास पांढऱ्या कपड्यातला एक साहेब छकड्यात बसून तपासणीला आला. तलाव रिकामा दिसला तेव्हा त्यानं आमच्या गुणवंतराव पाटलांना विचारलं, आरमार कुठाय?

पाटील छाती काढून म्हणाले, "बुडवलं, साहेब. एक नाई ठेवलं."

साहेब तिथेच तलावाच्या पाळीवर बसला. हळूच विचारता झाला, कोण्या शत्रूनं? पाटलांना कळेना, इतकी नीट राखलेली वस्तू आणि याचं तोंड असं का उतरलं. ते म्हणाले, "शत्रू कायले पाह्यजे साहेब? आमीच बुडवतो, दरसाल."

साहेबाचा राग मग असा चढला की छकड्याचे बैल उठून उभे राहिले. त्यानं हुकूम सोडला. तलावाचं तोंड, ते तुडूम उघडा, सगळं पाणी पाटात सोडा, मला तळ बघायचाय.

इथे मी थांबलो. उमाजीचा तंबाखू मळणारा अंगठाही थांबला होता. मग त्याच्यासाठी म्हणून मी सविस्तर सांगितलं. धान नुकतंच निसवलं होतं. पोळ्यापासून पावसानं पाठ फिरवलेली. तलावात पाणी किती, तर मधोमध बगळा उभा राहिला तरी त्याचे गुडघे कोरडे. तेवढ्या पाण्यावर गावाचा वर्षाचा भात होता. आता सोडलं तर लोंब्या भरायच्या वेळी थेंब मिळणार नव्हता.

"मंग? उघडलं तुडूम?" उमाजीनं विचारलं. जणू धानाची बांधी त्याचीच.

उघडू देतो का मी? मी साहेबापुढे हात जोडले. म्हटलं, पाणी सोडाच, पण आधी एकदा ढोल ऐका. ढोल वाजला. गावातून माणसं सुटली. चैतूची अर्धी दाढी तशीच, पत्रूच्या गळ्यात बैलाचा कासरा. सगळ्यांनी धडाधड बुड्या मारल्या. बराच वेळ नुसते बुडबुडे. साहेबानं टोपी काढून हातात घेतली. मग म्हशीची पाठ वर यावी तसा एक डोंगा वर आला. मग दुसरा. दगड खाली राहिले, लाकूड वर आलं. एका डोंग्यात तर मरळ मासा घर करून बसलेला, जागा सोडायला तयार नाही. साहेबानं त्यालाही सलाम ठोकला. पाण्याचा थेंब गेला नाही, धान भरलं.

उमाजीनं मळलेला तंबाखू आधी मला दिला.

कुंतानं मासळीवरची नजर न काढता विचारलं, बुडी किती खोल मारावी लागली असंल?

मी म्हटलं, दोन पुरुष तरी. माणसावर माणूस उभा केला तर वरच्याची शेंडी भिजेल. उथळ पाण्यात चाळीस डोंगे कुठे लपतात, बाई?

कुंतानं टोपली बाजूला सारली.

"लटारूभाऊ, याचं धान वाचवाचं होतं तं बगळ्याचे गुडघे कोरडे. मले डोंगे दाखवाचे होते तं दोन पुरुष पाणी. तलाव एकच होता ना तुमचा?"