शून्याच्या मागे

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा सूर कडवट लागला तर तुम्हाला नवल वाटायला नको. सध्या मी एका भंगारवाल्याच्या दुकानात, फुटका नळ आणि तीन पायांची खुर्ची यांच्या मधे पडून आहे. इथे वेळच वेळ आहे. ऐकणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला गाठलं.

माझा जन्म कारखान्यात झाला. दोन लोखंडी पत्रे, आत स्प्रिंगा, वर काचेची गोल खिडकी आणि तिच्या आत लाल काटा. पाठीमागच्या कडेला बोटाने फिरवायचं एक बारीक दातेरी चाकही आहे. मी रिकामा असताना काटा शून्यावर नसेल, तर तो शून्यावर आणायला ते चाक असतं. दुसऱ्या कशालाही नसतं. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी माझ्यावर वजनं ठेवून पाहिली, चाक जरासं फिरवलं आणि म्हणाल्या, "हा अगदी बरोबर आहे." जन्मल्या जन्मल्या एवढं कौतुक झालं, तेव्हा मला वाटलं, आता आयुष्यभर असंच होणार. किती भाबडा होतो मी!

मला विकत घेतलं एका घड्याळजीने. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम. वेळेच्या बाबतीत हा गृहस्थ भारी कडक. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "पाच मिनिटं पुढे लावून द्या हो, म्हणजे उशीर होत नाही." त्यावर याचं उत्तर ठरलेलं, "ते तुम्ही घरी जाऊन करा. माझ्या हातून खोटी वेळ लागायची नाही." बाथरूमचं दार उघडं असलं की मला हे ऐकू यायचं. योग्य घरात पडलो, असं वाटून मी खूश व्हायचो.

मला आणलं होतं त्याच्या बायकोसाठी. ती मधल्या खोलीत मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. तिचं हृदय अशक्त आहे, वजन उतरवलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मी ब्याऐंशी किलो दाखवले. ती म्हणाली, "बघू या. आता तू आहेस आणि मी आहे."

मित्रांनो, त्या बाईने काय केलं नाही! साखर सोडली, तळलेलं सोडलं, सकाळी फिरायला जाऊ लागली. नवरा समोर बसून लोणी लावलेला पाव खायचा आणि ही काकडीच्या चकत्या चावत बसायची. एवढं करून माझ्यावर चढायची, तर ब्याऐंशी. कधी एक्क्याऐंशी, की दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्याऐंशी. मग तिने माझ्यावरच प्रयोग सुरू केले. आधी चष्मा काढून चढली. मग अंघोळीआधी, अंघोळीनंतर, श्वास सोडून, एका पायावर. कोपऱ्यातली फरशी उतरती होती, तिथे मी डगमगत अर्धा किलो कमी दाखवायचो, तर मला कायमचं तिथेच नेऊन ठेवलं. शेवटी ती डोळे मिटून चढू लागली. वर उभी राहिली की एक डोळा उघडायची आणि मग माझ्या नावाने बोटं मोडायची. मी तरी काय करणार? जे आहे ते दाखवणं एवढंच मला येतं.

रविवारी तिची नणंद यायची. जीभ तिखट होती तिची. "वहिनी, रोज फिरता म्हणे. मग ते फिरणं जातं कुठे?" असं म्हणून ती चपला घालूनच माझ्यावर उभी राहायची आणि छप्पन्न किलो बघून हसायची. मला तिच्या चपलांचा राग यायचा, पण हसण्याचा जास्त.

एका सकाळी माझा काटा त्र्याऐंशीवर गेला. बायको खाली उतरली, बादली उलटी करून तिच्यावर बसली आणि तोंडावर टॉवेल घेऊन रडली. घड्याळजी दाराबाहेर उभा होता. त्याने आत यायला हवं होतं. तिच्याजवळ बसून तो काहीही बोलला असता तरी चाललं असतं. पण तो तसाच दुकानात निघून गेला. संध्याकाळी मशीनची खडखड सुरू झाल्यावर तो बाथरूममध्ये आला, मला उचललं आणि माझं चाक किंचित मागे फिरवलं.

त्या बोटांना सवय होती हो! केसाएवढं फिरवायचं तर केसाएवढंच फिरायचं. दुसऱ्या दिवशी तिने एक डोळा उघडला आणि ओरडलीच, "अहो, उतरलं! एक्क्याऐंशी!" त्या दिवशी ती मशीनवर गाणी गुणगुणत होती. घड्याळजीचा जीव भांड्यात पडला. आणि खरं सांगतो, त्या घरात माझं पहिल्यांदा कौतुक झालं तेही त्याच दिवशी. तिने ओल्या फडक्याने माझी काच पुसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग हे चालूच राहिलं. अधूनमधून चाक थोडं मागे. ऐंशी झाले, एकोणऐंशी झाले. तिचे स्वतःचे कपडे मात्र सैल होईनात. लोकांची मापं काढणारी बाई, पण गळ्यातली टेप काही स्वतःच्या कमरेला लावेना. "कापड आटलं असेल," म्हणायची. मी रिकामा असताना माझा काटा आता शून्याच्या मागे जाऊन बसलेला असायचा. कुणी नुसतं वाकून पाहिलं असतं तरी सगळं उघडं पडलं असतं. पण रिकाम्या वजनकाट्याकडे कोण बघतं? नणंदही आता माझ्यावर त्रेपन्न बघायची आणि स्वतःवरच खूश व्हायची.

पुढे एकदा ती एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आली. रविवारी नणंद आली तेव्हा बाथरूममध्ये माझ्यासमोरच दोघींचं बोलणं झालं.

"ताई, डॉक्टरांनी बजावलंय. आता वजन रोज बघायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते अंगात साचलेलं पाणी. लगेच या म्हणाले, उशीर करू नका."

"दादाला सांगितलंत?"

"नका हो सांगू. फार घाबरट आहेत ते. दुकान बंद करून माझ्या उशाशी बसतील."

एरवी त्या नणंदेच्या पोटात काही राहत नसे. नेमकी हीच गोष्ट राहिली.

आता तुम्हीच बघा. तिने नवऱ्यापासून डॉक्टरांचं बोलणं लपवलं, नवऱ्याने तिच्यापासून माझं चाक लपवलं. दोघांचाही एकमेकांवर जीव. आणि सगळं ठाऊक असलेला मी एकटा, ज्याला तोंड नाही.

थोड्याच दिवसांत माझा काटा किलोभर वर सरकला. तिने वाकून आकडा पुन्हा वाचला. "उद्या बघते," म्हणाली. घड्याळजीला दिसला तो फक्त उतरलेला चेहरा. त्याने संध्याकाळी चाक फिरवलं. सकाळी पुन्हा एकोणऐंशी. ती हसली. पुन्हा काटा चढला, पुन्हा चाक फिरलं. मी वर ढकलत होतो आणि तो मागे ओढत होता. तिचे पाय मात्र माझ्यावर रोज जड पडत होते. माझ्या पत्र्यावर उमटणारे ओले ठसे रुंद झाले होते. दोन पावलं चालली तरी ती दाराची चौकट धरायची.

"वहिनी, पाय सुजलेत तुमचे," नणंद म्हणाली.

"अहो, काटा वाढलेला नाही ना! मग काही नाही."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. हे आठवलं की माझ्या स्प्रिंगा आजही पिळवटतात.

आणि एक दिवस मशीनची खडखड मधेच थांबली. धावपळ, दारं, गाडीचा आवाज, आणि मग कित्येक दिवस कुणीच नाही. नणंद घड्याळजीबरोबर कपडे न्यायला आली, तेव्हा त्याला म्हणाली, "दादा, हॉस्पिटलच्या काट्यावर सत्त्याऐंशी भरलं. पाणी छातीपर्यंत चढलंय. पाणी साचलं तर वजनावरून कळेल, असं डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं होतं. त्या रोज बघत होत्या रे! हा मेला काटाच बिघडलेला असणार."

 घड्याळजी भिंतीला टेकून म्हणाला, "हो. बिघडलेलाच होता."

झालं. सगळं खापर माझ्या माथ्यावर.

ती वाचली, पण मशीनवर बसण्याइतकी ताकद परत आली नाही. घरात नवा, आकडे उजळणारा वजनकाटा आला. औषधांनी अंगातलं पाणी उतरलं होतं. ती भिंतीला धरून चढली. ब्याऐंशी.

 आकडा बघत ती म्हणाली, "म्हणजे मी कधी उतरलेच नव्हते? एक किलोसुद्धा?"

घड्याळजी दारात उभा होता. तेव्हा तरी तो बोलेल, असं मला वाटलं. मित्रांनो, मी वाट बघितली. तो नुसता म्हणाला, "अगं, जुना बिघडलेला होता ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. "एवढी खूश झाले होते मी याच्यावर," ती म्हणाली. "टाका हा बाहेर."

तो मला घेऊन निघाला. वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला, मला मांडीवर घेतलं आणि माझं चाक पुढे फिरवत राहिला. काटा शून्यावर आला तेव्हाच थांबला. मग तो इथे आला.

भंगारवाल्याने मला उलटंपालटं केलं. "बिघडलाय?"

"नाही," घड्याळजी म्हणाला. "बरोबर आहे. अगदी बरोबर."

"मग टाकताय कशाला?"

 तो मान खाली घालून घरी गेला. जे बायकोला सांगायचं, ते त्याने भंगारवाल्याला सांगितलं.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला ओलीत ठेवू नका, असली विनवणी मी करणार नाही. माझं व्हायचं ते झालं. एवढंच सांगतो. तुमच्या घरात कुणी बादलीवर बसून रडत असेल, तर आत जा आणि शेजारी बसा. चाकाला हात लावू नका.

नव्या काट्याला मागे चाक नसतं म्हणे. पण दाराबाहेर उभा राहणारा माणूस तोच आहे.